दारू सोडवणारी डायसल्फिरामची गोळी: सुरक्षितपणे कशी घ्यावी, कोणी घेऊ नये आणि घरच्यांचं काम काय

व्यसनमुक्तीच्या ओपीडीत नवऱ्याशिवाय एकटी आलेली बाई बहुतेक वेळा एकच गोष्ट विचारते. "चहात किंवा भाजीत मिसळून देता येईल अशी काही गोळी आहे का? त्यांना कळायला नको." वर्षानुवर्षं मार, कर्ज आणि रात्रीची जागरणं सोसलेल्या माणसाने हा प्रश्न विचारावा यात काहीच नवल नाही. म्हणून उत्तर सुरुवातीलाच स्पष्ट देतो. अशी गोळी आहे, तिचं नाव डायसल्फिराम. ती स्वस्त आहे आणि नीट वापरली तर तिने अनेक संसार सावरले आहेत. पण पिणाऱ्याच्या नकळत ती कधीही द्यायची नाही. ज्याला आपल्या पोटात काय गेलंय हे माहीतच नाही, तो संध्याकाळी नेहमीसारखी क्वार्टर रिकामी करेल आणि रात्री त्याला दवाखान्यात उचलून न्यावं लागेल. वेळेवर नेता आलं नाही तर जीवही जाऊ शकतो.

पेपरात, भिंतींवर आणि मोबाइलवर 'पेशंटच्या नकळत दारू सोडवा' अशा जाहिराती दिसतात. त्या पुड्यांमध्ये काय आहे हे पाकिटावर धड लिहिलेलंही नसतं. त्या घेऊ नका.

गोळी नेमकं काय करते

दारू पोटात गेली की यकृतात तिचे दोन टप्प्यांत तुकडे होतात. पहिल्या टप्प्यात अ‍ॅसिटाल्डिहाइड नावाचं विषारी द्रव्य तयार होतं. दुसऱ्या टप्प्यात एक एन्झाइम त्याचं निरुपद्रवी पदार्थात रूपांतर करतं. डायसल्फिराम दुसऱ्या टप्प्यातलं हेच एन्झाइम बंद पाडतं. मग अ‍ॅसिटाल्डिहाइड रक्तात साचतं आणि दहा ते तीस मिनिटांत त्रास सुरू होतो. चेहरा आणि मान लालबुंद होते, डोकं ठणकतं, छातीत धडधडतं, घाम फुटतो, उलट्या होतात, दम लागतो, रक्तदाब उतरतो. साधा त्रास अर्ध्या-एक तासात ओसरतो, मोठा त्रास काही तास चालतो. दारू जितकी जास्त, तितका धोका मोठा.

हे औषध कोणी मुद्दाम शोधलेलं नाही. १९३०च्या दशकात अमेरिकेतल्या एका कारखान्याच्या डॉक्टरने पाहिलं की रबर उद्योगातलं हे रसायन हाताळणाऱ्या कामगारांना दारू सोसत नाही. पुढे कोपनहेगनमध्ये एरिक जेकबसेन आणि येन्स हाल्ड जंतांवरच्या औषधाचा शोध घेत होते. गोळ्या आधी स्वतःवर तपासताना त्यांना हाच अनुभव आला आणि १९४८ साली त्यांनी तो लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात मांडला. सुरुवातीच्या वर्षांत आजच्यापेक्षा कितीतरी मोठे डोस दिले जात आणि त्यात काही रुग्ण दगावले. आजचा डोस लहान आहे तो यामुळेच. 'एकाने काही होत नाही, दोन घे' असं घरी कोणी म्हणू नये, त्याचंही कारण हेच.

एक गोष्ट नीट समजून घ्या. ही गोळी तलफ कमी करत नाही. दारूची आठवण येते, मित्रांचे फोन येतात, पगाराच्या दिवशी जीव कासावीस होतो, सगळं तसंच राहतं. गोळी फक्त एवढंच करते की सकाळी शुद्धीत आणि ठाम मनाने घेतलेला निर्णय संध्याकाळच्या कमजोर क्षणी मोडणं अवघड होतं. म्हणजे निर्णय आधी हवा आणि तो पिणाऱ्याचा स्वतःचा हवा.

पहिलं पाऊल: दारू सुरक्षितपणे थांबवणं

सगळ्यात जास्त घाई इथेच होते. 'आज रात्रीची शेवटची, उद्यापासून गोळी' असं ठरवून काही जण मोकळे होतात. रोज पिणाऱ्याचं शरीर दारूला इतकं सरावलेलं असतं की ती एकदम बंद केली की उलटा झटका बसतो. शेवटच्या घोटानंतर सहा ते चोवीस तासांत हात थरथरायला लागतात, घाम येतो, मळमळतं, झोप उडते, जीव घाबरा होतो. पहिल्या दोन दिवसांत काहींना फिट येते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काही जण भ्रमात जातात. त्यांना नसलेली माणसं दिसतात, अंगावर किडे फिरल्यासारखं वाटतं, दिवस-रात्र कळत नाही. गावाकडे हे 'बाहेरचं' समजून मांत्रिकाकडे नेतात. ती दारू तुटल्याची गंभीर अवस्था आहे आणि त्यासाठी दवाखान्यात भरतीच करावी लागते.

म्हणून स्वतःला हे प्रश्न विचारा. सकाळी उठल्यावर उतारा घेतल्याशिवाय हात स्थिर होत नाहीत का? पूर्वी कधी दारू बंद केल्यावर फिट आली होती का? भ्रम झाला होता का? वय साठीच्या पुढे आहे का, किंवा कावीळ, मधुमेह, हृदयविकार आहे का? यातल्या एकाचंही उत्तर 'हो' असेल तर घरच्या घरी दारू तोडू नका. डॉक्टर ठराविक दिवसांपुरत्या शामक गोळ्या देतात आणि त्या उतरत्या क्रमाने बंद करतात. सोबत थायमिन, म्हणजे जीवनसत्त्व ब१, भरपूर देतात. दारूमुळे त्याची इतकी कमतरता होते की मेंदूला कायमची इजा होऊ शकते. अशा रुग्णाला अशक्तपणा आला म्हणून थेट ग्लुकोजची बाटली लावणं धोक्याचं असतं, आधी थायमिन द्यावं लागतं. ग्लुकोज लावणाऱ्या डॉक्टरला दारूबद्दल स्पष्ट सांगा.

कुठे जायचं? जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो, सरकारी मेडिकल कॉलेजांत असतो. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेलं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे. काहीच सुचत नसेल तर केंद्र सरकारच्या व्यसनमुक्ती हेल्पलाइनला १४४४६ वर किंवा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. लाजायचं कारण नाही. एम्सने केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशात ५ कोटी ७० लाखांहून जास्त लोकांना दारूच्या त्रासासाठी मदतीची गरज आहे. दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे एकाच माणसाला कसला ना कसला उपचार मिळतो. तुम्ही डॉक्टरच्या दारापर्यंत पोहोचलात हीच मोठी गोष्ट आहे.

दुसरं पाऊल: डॉक्टरांना सगळं सांगणं

डायसल्फिराम चिठ्ठीशिवाय घ्यायचं औषध नाही. शेजाऱ्याच्या चिठ्ठीवर आणलेली पट्टीही नको. हृदयाचा गंभीर आजार असलेल्याला, किंवा पूर्वी भास-भ्रमाचा मानसिक आजार झालेल्याला ही गोळी देत नाहीत. यकृत खराब झालेलं असेल, फिट्स येत असतील, मधुमेह, थायरॉइड किंवा किडनीचा आजार असेल तर डॉक्टर खूप विचार करतात आणि बऱ्याचदा दुसरं औषध निवडतात. गर्भवती स्त्रीला ती टाळतात.

चालू असलेली सगळी औषधं पिशवीत घालून घेऊन जा, नावं आठवत बसू नका. टीबीच्या उपचारातल्या आयसोनियाझिडसोबत डायसल्फिराम घेतलं तर तोल जाणं, वागणं बदलणं असे प्रकार होऊ शकतात. जुलाब आणि पोटाच्या जंतुसंसर्गावर सर्रास दिलं जाणारं मेट्रोनिडाझोल सोबत घेतलं तर भ्रम होऊ शकतो. फिट्सवरच्या फेनिटॉइनची आणि रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनची मात्रा शरीरात वाढते. डायझेपामसारख्या झोपेच्या काही गोळ्यांची गुंगी जास्त वेळ टिकते. नंतर कधीही दुसऱ्या डॉक्टरकडे, दातांच्या दवाखान्यात किंवा ऑपरेशनसाठी गेलात तरी पहिलं वाक्य हेच: "मी डायसल्फिराम घेतोय."

गोळी सुरू करण्याआधी यकृताची रक्ततपासणी करतात. वय आणि प्रकृती पाहून ईसीजीही काढतात. तपासणीला पैसे जातात म्हणून ती टाळू नका, सरकारी रुग्णालयात ती होते.

तिसरं पाऊल: पहिली गोळी

शेवटचा घोट घेऊन किमान १२ तास झालेले हवेत. ही अगदी खालची मर्यादा आहे. बहुतेक डॉक्टर दारू तुटल्याचा त्रास पूर्ण शमेपर्यंत काही दिवस थांबवतात, आणि तेच शहाणपणाचं आहे. रक्तात दारू असताना गोळी पोटात गेली तर वर सांगितलेला त्रास, म्हणजे रिअ‍ॅक्शन लगेच येईल.

नेहमीचा डोस दिवसातून एकदा, बहुतेकांना २५० मिलिग्रॅम. सुरुवातीचा आठवडा-दोन आठवडे काही डॉक्टर ५०० पर्यंत देतात, त्यापुढे जात नाहीत. काहींना १२५ पुरतात. आकडा डॉक्टर ठरवतील. सकाळी घ्यायची पद्धत आहे, कारण निश्चय सकाळी पक्का असतो. फार सुस्ती येत असेल तर डॉक्टरांना विचारून रात्री घेता येते. पहिले काही दिवस सुस्तीचा अंदाज येईपर्यंत दुचाकी, ट्रॅक्टर किंवा कारखान्यातलं यंत्र चालवताना जपा. एखादा दिवस राहिला तर त्याच दिवशी आठवेल तेव्हा घ्या, दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका.

पूर्वी काही ठिकाणी डॉक्टर आपल्या देखरेखीखाली थोडी दारू पाजून रुग्णाला रिअ‍ॅक्शनची चव दाखवत असत. ती पद्धत आता सोडून दिलेली आहे. घरी 'बघू तरी काय होतं' म्हणून अर्धा पेग घेऊन पाहणं म्हणजे जिवाशी खेळ आहे.

चौथं पाऊल: गोळी कोणासमोर घ्यायची

माझ्या मते सगळ्या उपचाराचं यश इथे ठरतं. एकट्याने घेतलेली गोळी दोन आठवड्यांत बंद होते. ज्याला प्यायचंय तो ती सहज टाळतो, गालात दाबून नंतर थुंकतो, पट्टीतून काढून कोनाड्यात टाकतो. दुसऱ्याच्या देखरेखीखाली घेतली तर चित्र बदलतं. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या मुंबईतल्या एका अभ्यासात शंभर पुरुष होते, आणि गोळ्यांवर लक्ष ठेवायला प्रत्येकाच्या घरचं कोणीतरी होतं. वर्षाच्या शेवटी डायसल्फिराम घेणाऱ्यांपैकी ८६ टक्के दारूपासून दूर होते, नॅलट्रेक्सोन हे दारूची ओढ कमी करणारं दुसरं औषध घेणाऱ्यांपैकी ४४ टक्के. प्रत्येक घरात असाच निकाल लागेल असं नाही, कारण तिथल्या माणसांच्या पाठीशी घर उभं होतं. पण घर पाठीशी उभं राहणं हाच उपचाराचा भाग आहे.

देखरेख करणारं माणूस कोण असावं? बायको असू शकते, आई-वडील, मोठा भाऊ, कामावरचा विश्वासू सहकारीही चालेल. मुलांवर हे ओझं टाकू नका. बारा वर्षांच्या पोरीने बापाला रोज गोळी खाल्ली का विचारणं तिच्यासाठीही वाईट आणि बापासाठीही. आणि नवरा मारहाण करणारा असेल तर हे काम बायकोकडे देऊच नका. अशा वेळी ते दवाखान्यातल्या नर्सकडे किंवा समुपदेशकाकडे सोपवता येतं.

डॉक्टरांसमोर दोघांनी बसून करार करायचा. रोज ठरलेल्या वेळी, समजा सकाळच्या चहाआधी, गोळी समोर घ्यायची. डॉक्टरांची परवानगी असेल तर ती पाण्यात विरघळवून प्यायची, म्हणजे शंकेला जागाच उरत नाही. बोलणं दोन वाक्यांचं पुरे.

"घेतली बघ. आजचा दिवस नाही पिणार."

"बरं झालं. चहा ठेवते."

एवढंच. त्या वेळी मागचे हिशेब काढायचे नाहीत, 'किती दिवस टिकणार बघू' असं म्हणायचं नाही. वास घेणं, खिसे तपासणं, दर दोन तासांनी फोन करणं, हे सगळं बंद. बायकोच्या अंगी संशय मुरलेला असतो, तो एका दिवसात जात नाही हे मान्य. म्हणूनच गोळीची वेळ ठरलेली हवी, म्हणजे उरलेल्या दिवसात त्या विषयावर भांडण नको. कॅलेंडरच्या चौकटीत रोज खूण करा आणि दर भेटीला ते पान डॉक्टरांना दाखवा. ज्या दिवशी तो गोळी नाही म्हणेल त्या दिवशी जबरदस्ती करू नका. डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला फोन करा. करारात हे आधीच लिहून ठेवलेलं असेल तर तो फोन चहाडी वाटत नाही.

लपलेली दारू

गोळी चालू असताना दारू फक्त बाटलीतूनच पोटात जाते असं नाही. खोकल्याची काही सिरपं आणि टॉनिकं, होमिओपॅथीचे थेंब यांत अल्कोहोल असतो. आयुर्वेदातली आसवं आणि अरिष्टं, म्हणजे द्राक्षासव, कुमारी आसव, अशोकारिष्ट, दशमूलारिष्ट, आंबवूनच बनतात, आणि त्यांत साधारण ५ ते १० टक्के अल्कोहोल असू शकतो. 'लिव्हरसाठी चांगलं' म्हणून सासूबाईंनी प्रेमाने दोन चमचे आसव पाजलं की इकडे चेहरा लाल होतो. लेबल वाचा, शंका असेल तर औषध दुकानदाराला विचारा. काही माउथवॉशमध्येही अल्कोहोल असतो. दाढीनंतर लावायचं लोशन, सेंट आणि सॅनिटायझर यांनीही काहींना त्रास होतो, विशेषतः बंद खोलीत भरपूर वापरलं तर. गोव्यात आणि कोकणात नाताळच्या रम केकपासून लांब राहा. व्हिनेगर आणि आंबवलेल्या सॉसबद्दलही औषधाच्या माहितीपत्रकात इशारा असतो, तेव्हा विंदालू किंवा ताडीने फुगवलेल्या सान्ना खाण्याआधी डॉक्टरांना विचारा. बिअर, ताडी, मोहाची, हातभट्टीची, फेणी, सगळी दारूच. 'बिअर चालते' हा समज मनातून काढून टाका.

पाकिटात एक चिठ्ठी कायम ठेवा: 'मी डायसल्फिराम घेतो. मला अल्कोहोल असलेलं कोणतंही औषध देऊ नये.' खाली घरचा नंबर.

रिअ‍ॅक्शन आली तर

माणसाला आडवं करा, कपडे सैल करा, चक्कर येत असेल तर पाय उंच ठेवा. उलट्या होत असतील किंवा ग्लानी असेल तर कुशीवर वळवा. लिंबू, ताक, मिठाचं पाणी पाजू नका, मुद्दाम उलटी करवू नका. छातीत दुखणं, श्वास लागणं, बेशुद्धी, फिट किंवा फार अशक्तपणा यातलं काहीही दिसलं तर १०८ ला फोन करा. डायसल्फिराम चालू आहे, शेवटची गोळी कधी घेतली, दारू किती प्यायली, ही तिन्ही उत्तरं डॉक्टरांना खरी द्या. गोळ्यांची पट्टी सोबत न्या. त्या क्षणी रागावायचं नाही, ती वेळ नाही.

किरकोळ त्रास आणि धोक्याच्या खुणा

पहिल्या काही आठवड्यांत तोंडाला धातूसारखी किंवा लसणासारखी चव येते, सुस्ती वाटते, डोकं दुखतं, अंगावर पुरळ उठतं. हे बहुतेक वेळा आपोआप कमी होतं. काही पुरुषांना लैंगिक इच्छा किंवा ताठरता कमी झाल्यासारखी वाटते आणि संकोचामुळे ते गुपचूप गोळी सोडतात. त्यापेक्षा डॉक्टरांना सांगा, डोस बदलता येतो.

पण डोळे किंवा लघवी पिवळी-गडद होणं, अंगाला खाज, भूक मेल्यासारखं होणं, उजव्या बरगडीखाली दुखणं, हे यकृताचे इशारे आहेत. गोळी थांबवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. यकृताला असा अपाय क्वचित होतो, पण होतो तेव्हा तो गंभीर असतो आणि बहुधा पहिल्या काही महिन्यांत होतो. म्हणूनच दोन आठवड्यांनी आणि नंतर डॉक्टर सांगतील तेव्हा रक्ततपासणी करायची. पायांना मुंग्या, बधिरपणा, नजर अंधुक होणं, विचित्र संशय, भास, किंवा जगणं नकोसं वाटणं, हेही लगेच सांगायचं.

गोळीच्या जोडीला

तलफ फार छळत असेल तर डॉक्टर दुसऱ्या औषधांचा विचार करतात. नॅलट्रेक्सोनने पिण्याची मजा आणि ओढ कमी होते, पण ट्रामाडोल किंवा कोडीनसारखी अफूच्या जातीची वेदनाशामकं घेणाऱ्याला ते चालत नाही. अ‍ॅकॅम्प्रोसेट यकृतावर भार टाकत नाही, पण किडनी तपासावी लागते आणि गोळ्या दिवसातून तीनदा घ्याव्या लागतात. काही रुग्णांना बॅक्लोफेन देतात. कोणतं औषध बरं हा प्रश्न माणसागणिक वेगळा आहे.

समुपदेशन आणि अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या मीटिंगा गोळीइतक्याच महत्त्वाच्या आहेत. दारू सोडू पाहणाऱ्यांच्या या गटाच्या, म्हणजे एएच्या, मीटिंगा मराठीतही होतात आणि त्यांची फी नसते. पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन आहे. तिथे बायका पहिल्यांदा स्वतःबद्दल बोलतात, आणि त्यांना त्याची फार गरज असते. रिकाम्या संध्याकाळचं काय करायचं, पगार कोणाच्या हातात द्यायचा, मित्राच्या हळदीला जायचं की नाही, हे प्रश्न तिथे सुटतात.

किती दिवस घ्यायची, आणि घसरलं तर

सहा महिने ते वर्षभर घेणारे पुष्कळ आहेत, काहींना जास्त लागते. थांबवायचा दिवस डॉक्टरांसोबत ठरवा. लग्नसराई, गणपती, थर्टी फर्स्ट यांच्या तोंडावर थांबवू नका. शेवटच्या गोळीनंतरही तिचा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. 'दोन दिवस गोळी घेतली नाही, आता हळदीच्या रात्री चालेल' असं समजून पिणाऱ्यांनाही जोरदार रिअ‍ॅक्शन आलेली आहे.

घसरण झाली तर दुसऱ्या सकाळी घरच्यांनी रागाच्या भरात गोळी तोंडात कोंबू नये. अंगात दारू असते, त्रास तुमच्या हाताने होईल. एखाद्या दिवसापुरतं पिणं झालं असेल तर डॉक्टरांना कळवा, ते सांगतील तितकं थांबा आणि त्यांच्या सांगण्यानुसार पुन्हा सुरू करा. चार-आठ दिवस सलग पिणं झालं असेल तर शरीर पुन्हा दारूला सरावलेलं असतं. तेव्हा आधी देखरेखीखाली दारू तोडायची, थायमिन घ्यायचं, रक्त तपासायचं, आणि मगच पट्टीतली पहिली गोळी काढायची.